एलकेजीतल्या चार वह्या: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

एलकेजीत गेल्यावर लिहिण्याचं नाव काढलं की रडू लागलेल्या एका मुलाची ही हकीकत. मूल, घर आणि शाळा ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथे दादू म्हणू. मी या भागातल्या बालवाड्यांतल्या शिक्षिकांबरोबर काम करते. दादूच्या घरच्यांनी आणि त्याच्या वर्गाच्या बाईंनी सगळं मोकळेपणी सांगितलं, म्हणून हे लिहिता आलं.

पार्श्वभूमी

दादू जूनमध्ये एलकेजीत बसला तेव्हा सव्वाचार वर्षांचा होता. घर भातशेतीचं. वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहेत; सकाळच्या बसने जातात ते रात्रीच परततात. आई मराठी शाळेतून दहावी झालेली. घरात आजी आहे आणि दिवसाचा बराचसा वेळ दादू तिच्याच मागे असतो. घरातलं बोलणं सगळं मराठी. वडिलांना कामावरचं कन्नड सफाईदार येतं, आईला समजतं पण बोलताना ती अडखळते.

आधी तो गावातल्या अंगणवाडीत जायचा. तिथे गाणी, गोष्टी, खाऊ आणि अंगणात माती. लिहिणं जवळपास नव्हतंच. पुढे वाड्यातली दोन मुलं व्हॅनने तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात जायला लागली, तसा दादूचाही तिथे प्रवेश झाला. वर्गात पस्तीसेक मुलं, बाई एक, मदतीला एक मावशी.

वयाची एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे ती कामी आली. कर्नाटकात पहिलीच्या प्रवेशासाठी 1 जूनला सहा वर्षं पूर्ण, असा नियम 2022 साली काढला गेला. 2025-26 या एका वर्षापुरती त्यात सवलत मिळाली, पण दादूला तिची गरजच नव्हती. पहिलीत जाताना तो सव्वासहाचा असणार होता. म्हणजे हातात पुरी दोन वर्षं होती. घरात हा हिशेब कुणी मांडलाच नव्हता. सगळ्यांच्या मनात पहिली अगदी उंबऱ्यावर येऊन ठेपली होती.

अडचण

शाळेतून रोज चार वह्या घरी यायच्या. चाररेघीत इंग्रजी मोठी अक्षरं एक पान, दुरेघीत मराठी मुळाक्षरं एक पान, कन्नड अर्धं पान, चौकटीच्या वहीत अंक. कन्नड ठेवावं लागतंच, असं शाळेचं म्हणणं. मराठी ठेवलं नाही तर मराठी पालक दुसरीकडे जातात, म्हणून तेही. आणि इंग्रजी तर शाळेच्या पाटीवरच लिहिलेलं.

नागपंचमीपर्यंत दादू दप्तर भाताच्या पोत्यामागे लपवायला लागला होता. आजी म्हणाली, "पेन्सिल बघितली की रडायलंय बघा बाई पोरगं. बोटं दुखायल्यात म्हणतंय. आधी अंगणभर कोळशानं रेघा वडत होतं, आता ते बी सोडलंय."

आजीचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात गंभीर वाटलं. लिहायला कंटाळणारी मुलं पुष्कळ असतात. पण चित्रं काढणं आपणहून थांबवलेलं मूल पाहिलं की काळजी वाटते.

वह्या मात्र नेटक्या होत्या, पानापानावर चांदण्या. मी घरी गेले त्याच संध्याकाळी उलगडा झाला. आई दादूच्या मागे बसायची, त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि चारही वह्या भरून काढायची. तास-दीड तास जायचा. बाईंना वहीत आईचं अक्षर दिसत होतं आणि त्यावरून मूल व्यवस्थित चाललंय असं त्यांना वाटत होतं. शाळेला अडचण कळायची एकमेव वाट अशी बंद झाली होती. आईने हे लपवावं म्हणून केलं नव्हतं. अपुरी वही गेली तर वर्गात मुलाला उभं करतील, ही तिची भीती.

नेमकं काय दिसलं

दादूला कागदावर काहीही लिही म्हटलं नाही. अंगणात खडू दिला, कात्री दिली, शेंगा फोडायला बसवलं आणि बघत राहिलो.

खडू मुठीत, मनगट आत वळलेलं, खांदा कानाला लागलेला. हात दुखला की खडू डाव्या हातात जायचा. गोल नीट जमला, अधिकचं चिन्ह थोडं वेडंवाकडं पण जमलं, चौकोनाचे कोपरे गोलसर झाले. त्रिकोण अजिबात नाही. तिरकी रेघ सुरू व्हायची आणि मध्येच आडवी व्हायची.

हे सगळं वयाला धरूनच आहे. मुलं साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतात, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि त्रिकोण पाच उलटल्यावर. तिरकी रेघ उभ्या-आडव्या रेघेनंतर येते. आता इंग्रजी वर्णमालेतलं पहिलंच अक्षर घ्या: ए म्हणजे दोन तिरक्या रेघा, त्याही टोकाला जुळवायच्या. मराठीतला अ घ्या: दोन वाटोळी, मधली जोडरेघ, दंड, वर शिरोरेखा. कन्नडचा 'अ' सुद्धा वेटोळ्यांचाच. तिन्ही वह्या मुळाक्षरांच्या क्रमाने सुरू झाल्या होत्या, म्हणजे तिन्हीकडे कठीण अक्षर पहिल्याच दिवशी समोर आलं होतं.

त्यात रेघांचा घोळ. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, कन्नडला वर तलकट्टू (अक्षराच्या डोक्यावरची छोटी खूण) आणि पुढे जोडाक्षरं खाली उतरणारी. मोठ्यांना हे जाणवत नाही. सव्वाचार वर्षांच्या मुलाला एकाच संध्याकाळी तीन वेगळे नियम हातात बसवायचे होते, आणि तेही अजून पेन्सिल न पेलणाऱ्या हाताने. मनगटाची आठ हाडं जन्मताना कूर्चेची असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं टणक होत जातात; शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. पकडही टप्प्याटप्प्याने येते: आधी मूठ, मग सगळी बोटं, मग तीन बोटांची पण ताठ पकड, आणि बोटांनीच पेन्सिल हलवण्याची पकड साडेचार ते सहाच्या दरम्यान.

थोडक्यात, मुलात दोष सापडला नाही. कामच वर्षभर आधी आलं होतं.

कोणते पर्याय होते

वडिलांचं पहिलं म्हणणं ट्युशनचं होतं. शेजारच्या गल्लीत एक मुलगी संध्याकाळी मुलांच्या वह्या भरून घेते. माझ्या मते हा पर्याय सगळ्यात वाईट होता. आईच्या मुठीऐवजी दुसऱ्याची मूठ, इतकाच फरक.

आजीचं म्हणणं परत अंगणवाडीत घाला. हाताच्या दृष्टीने आजी बरोबर होती. पण शाळेची फी भरून झाली होती, आणि गावात "पोराला जमलं नाही, परत आणलं" अशी बोलणी झाली असती ती आईलाच ऐकावी लागली असती. गावच्या मराठी शाळेत पुढे पहिलीला घालायचं का, हाही विषय निघाला. वडिलांनी तो लगेच मिटवला: "मराठी घरात हाय की. खरं इंग्लिश आणि कन्नड आलं नाही तर हितं काम कोण देणार?" त्या वाक्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. सीमाभागात राहणाऱ्या माणसाचा तो रोजचा अनुभव आहे.

बेळगावला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (हाताच्या आणि रोजच्या कामांच्या हालचाली सुधारणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्यायचं का, यावर थोडा वेळ गेला. काही खुणा दिसल्या असत्या तर मी आग्रहच धरला असता: एक हात अजिबात न वापरणं, हात थरथरणं, सारखं धडपडणं, जेवताना-बटण लावतानाही हात न चालणं, पाच उलटूनही अधिकचं चिन्ह न येणं. दादू सदऱ्याची बटणं स्वतः लावत होता, झाडावर चढत होता. म्हणून ते तीन महिने पुढे ढकललं. डोळे मात्र तपासून घेतले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते. खासगी एलकेजीतलं मूल त्यातून सहज निसटतं. डोळे ठीक निघाले.

उरला तो पर्याय: शाळा तीच, पण घरचं लेखन बदलायचं. त्यासाठी बाईंना विश्वासात घेणं भाग होतं.

निर्णयाची पहिली जागा: आईची मूठ

आईने हात सोडायचा, आणि वहीत जे होईल ते तसंच शाळेत जाऊ द्यायचं. सांगायला सोपं, पण आईला हे फार जड गेलं. मधला मार्ग म्हणून तिने बाईंना चिठ्ठी लिहिली: आजपर्यंतचं अक्षर माझं आहे, उद्यापासून दादूचं असेल. बाई आधी रागावल्या. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्या इतर वह्या त्या नजरेने पाहिल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, अर्धा वर्ग आयांच्या हातचा आहे की हो."

पुढचं सगळं बोलणं त्यामुळे सोपं झालं. या एका चिठ्ठीचा उपयोग पुढच्या सगळ्या उपायांपेक्षा जास्त झाला, असं मला अजूनही वाटतं.

निर्णयाची दुसरी जागा: हातात कोणती लिपी

इथे सगळ्यात जास्त चर्चा झाली आणि आवाजही चढले. आईला मराठी हवी होती, वडिलांना इंग्रजी, शाळेला कन्नड सोडता येईना. आमच्याकडे कोणती अक्षरं आधी, हा प्रश्न नुसता शिक्षणाचा राहत नाही. दुकानाच्या पाट्यांपासून कचेरीतल्या अर्जापर्यंत त्याच्यामागे बरंच काही येतं.

म्हणून भाषा आणि लिपी वेगळ्या करून बोललो. कानावर आणि तोंडात तिन्ही भाषा राहू देत, उलट वाढू देत. कन्नड गाणी, इंग्रजी गाणी, मराठी गोष्टी. लहान मुलाला तीन भाषा ऐकल्याने बोटं दुखत नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच आहे: अनेक भाषा लहानपणापासून कानावर, सुरुवातीचं वाचन-लेखन मातृभाषेत, इतर भाषांचं वाचन-लेखन तिसरीपासून पुढे. कर्नाटकाने नंतर ते धोरण बाजूला ठेवून स्वतःचं करायला घेतलं, पण चार वर्षांच्या हाताबद्दलची ही गोष्ट सरकार बदलल्याने बदलत नाही. आणि कन्नड शिकवण्याची सक्ती करणारा 2015 चा राज्याचा कायदा पहिलीपासून लागू होतो. एलकेजीत कन्नड लिहून घ्या, असं त्यात नाही. मुख्याध्यापकांना हा मुद्दा पटला, कारण त्यांची खरी धास्ती शाळेच्या सरकारी तपासणीची होती.

हातात लिपी एकच: देवनागरी. कारण दादूला ज्या शब्दांचे आवाज ओळखीचे आहेत ते मराठी आहेत. ग म्हटलं की त्याला गवा, गवत, गणपती आठवतो. इंग्रजी अक्षराला असं काही चिकटलेलं नव्हतं. वडिलांसाठी तडजोड अशी झाली की इंग्रजीतली फक्त उभ्या-आडव्या रेघांची अक्षरं, म्हणजे एल, टी, आय, एच, ई, एफ, खडूने अंगणात चालतील, वहीत नाहीत.

क्रमही बदलला. मराठीत ग म भ न हा जुना, आकाराला धरून केलेला क्रम आहेच. कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या 'नलिकली' या आनंदाने शिकवण्याच्या पद्धतीतही कन्नड अक्षरं र ग स द अ अशी, सोप्या आकारापासून शिकवतात. बाईंनी नलिकलीचं नाव ऐकलं होतं, पण ते पहिली ते तिसरीसाठी म्हणून बाजूला ठेवलेलं. पहिलीतली मुलं जर अ-पासून सुरू करत नाहीत, तर एलकेजीतल्यांनी का करावं, असं त्याच म्हणाल्या.

काय केलं

गणपतीआधी घरोघर माती येते. खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे, तिथे ग्रामीण कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आहे. त्यामुळे चांगली माती मिळायला त्रास नव्हता. आजीने दादूला उंदीर करायला बसवलं. उत्तर कर्नाटकात ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात. आजी मूळची धारवाडकडची असल्याने तिचा हात त्यात बसलेला. उंदरांनंतर बैल झाले, बैलांना शिंगं, शिंगांना गोंडे. शिंग वळताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आपोआप कामाला लागतात.

घरातली कामं त्याच्याकडे गेली: शेंगा फोडणं, लसूण सोलणं, भाकरीच्या पिठाचा छोटा गोळा, चिमट्याने वाळवणं उलटणं. पाण्यात बुडवलेल्या ब्रशने शेणाने सारवलेल्या अंगणात गिरवणं त्याला फार आवडलं, कारण चूक वाळून जाते.

भिंतीला फळा लावला. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट मागे वळतं आणि खांदा काम करतो. आडव्या वहीवर तेच शिकवायला महिने लागतात. खडू मुद्दाम मोडून बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे तुकडे ठेवले, मूठ वळायला जागाच उरू नये म्हणून. पेन्सिलीला लावायची रबरी पकड शाळेने सुचवली होती, ती घेतली नाही. तीन बोटांच्या पकडीचा हट्टही धरला नाही. चार बोटांनी धरूनही पुष्कळ माणसं आयुष्यभर उत्तम लिहितात.

डाव्या-उजव्या हाताबद्दल आजीशी थोडं भांडण झालं. डावा पुढे आला की ती चापट द्यायची. ठरलं असं की खडू नेहमी मधोमध ठेवायचा, ज्या हाताने उचलेल त्याने काढू द्यायचं. कोणता हात पक्का, हे चार ते सहाच्या दरम्यान स्थिरावतं.

पाटी कधी द्यायची? आजी म्हणाली, दसऱ्याला. पाटीपूजन होतंच, त्या दिवशी नवी पाटी. शाळेला सुट्टी, घरात सण, आणि पाटीचा रडण्याशी काही संबंध नाही. मला ही सूचना मनापासून आवडली. दगडी पाटीवर पेन्सिल कागदासारखी घसरत नाही, बोटांना ती चालल्याचं कळतं. त्या दिवसापासून ग आणि म, आधी बोटाने, मग ओल्या कापसाने, मग पेन्सिलीने. माँटेसरी पद्धतीतली खरखरीत अक्षरं घरी नव्हती. आईने पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर रवा टाकला.

शाळेत बाईंनी घरचा अभ्यास एका वहीवर आणला, पण फक्त दादूपुरता. सगळ्या वर्गाला ते करायला मुख्याध्यापक तयार झाले नाहीत.

काय झालं

दिवाळीनंतर अंगणात रेघा परत आल्या. मला वाटतं, खरी प्रगती तीच होती. पकड मुठीतून सुटली, अजून ताठ आहे. उजवा हात बहुतेक ठरला. थेरपिस्टकडे जाण्याची गरज उरली नाही.

मार्चमध्ये दादू स्वतःचं नाव, ग, म, न, र, व आणि घरातल्या म्हशीचं नाव लिहीत होता. भ मध्ये अडकायचा. काही अक्षरं उलटी यायची, त्याची चिंता आम्ही करत नाही. सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं. इंग्रजीतली रेघांची अक्षरं जमली. कन्नड लिहीत नव्हता, पण कन्नड गाणी हातवाऱ्यांसकट म्हणायचा आणि बसवरच्या पाटीतला र बोटाने दाखवायचा. वडिलांना याचं मोठं कौतुक.

सगळंच गोड झालं असं नाही. वार्षिक सुंदर हस्ताक्षर स्पर्धेत दादूचं पान शेवटच्या काही पानांत गेलं, आणि आईला दोन दिवस जेवण गेलं नाही. चार वह्या भरणाऱ्या शेजारच्या मुलीचं अक्षर सुबक आहे. तिचं मनगटही दुखतं का, हे विचारायला कुणी गेलेलं नाही. इतर पालकांनी "एकालाच सवलत का" म्हणून तक्रार केली, आणि बाईंना ती एकटीने झेलावी लागली.

वेगळं काय करता आलं असतं

शाळेशी पहिलं बोलणं जूनमध्येच व्हायला हवं होतं. प्रवेशाच्या वेळी पालक फी, व्हॅन आणि गणवेश विचारतात. घरी किती लिहायला देता, हे क्वचितच कुणी विचारतं. तो प्रश्न तेव्हा निघाला असता तर अडीच महिन्यांचं रडणं टळलं असतं.

एका मुलापुरती सवलत मागण्याऐवजी बाईंनी दाखवलेली अर्ध्या वर्गाची गोष्ट पालकसभेत आणायला हवी होती. ती चर्चा जमली असती, कारण दहा-पंधरा आया तेच करत होत्या. पण आपली मूठ आहे हे दहा जणींसमोर पहिल्यांदा कोण म्हणणार?

अंगणवाडीच्या ताईंना या सगळ्यात कुणीच विचारलं नाही. दादूचा हात त्यांनी दीड वर्ष पाहिला होता. तो कात्री कशी धरायचा, कोणत्या हाताने चेंडू टाकायचा, हे त्यांच्याकडून एका भेटीत कळलं असतं आणि डाव्या-उजव्याचं आजीबरोबरचं भांडणही लवकर मिटलं असतं.

देवनागरी आधी घेण्याच्या निर्णयाबद्दल माझ्या सहकाऱ्यांत अजून दोन मतं आहेत. एकीचं म्हणणं, मूल इंग्रजी माध्यमात राहणारच असेल तर शाळेतली लिपी आधी द्यावी, म्हणजे वर्गात ते मागे पडत नाही. ज्या घरात मराठी गोष्टी सांगणारी आजी नाही, तिथे कदाचित मीही तिचं ऐकेन.

सध्याची स्थिती

यूकेजीच्या बाई वेगळ्या आहेत. जूनमध्ये चार वह्यांची यादी पुन्हा आली. या वेळी आई आणि वडील दोघेही शाळेत गेले, बोलणं वडिलांनी कन्नडमध्ये केलं. कन्नडची वही दिवाळीपर्यंत शाळेतच ठेवायचं मान्य झालं. इंग्रजीचं पान रोजचं अर्धं झालं आहे, आणि छोटी अक्षरं कधी सुरू करायची यावर पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे.